रिकामा फेरा

तिने दिवा घालवला आणि अंधारातून बाबांचा आवाज आला, "अगं, मी आहे अजून."

आवाजात तक्रार नव्हती. आत बसलेल्या माणसानेच आतून दार हळूच वाजवावं, तसा तो आला. तिने चटकन बटण परत दाबलं. बाबा नेहमीच्या खुर्चीत होते, मांडीवर वर्तमानपत्र, कानावर पेन्सिल. सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्यांच्या छापलेल्या चुका दुरुस्त केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. "दिसलाच नाहीत," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला शंका आली. तिने आत येऊन खिडकी लावली होती, टेबलावरची पिशवी उचलली होती, त्यांच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून दारापाशी आली होती. म्हणजे तिच्या पावलांना ते दिसले होते. "चालेल गं," बाबा म्हणाले, "उजाडतंच आहे." "चालेल काय? वाचत होतात ना?" "वाचत होतो. अंधारात आठवत बसलो असतो. पळ तू, बस जाईल."

बस मिळाली, खिडकीशी जागाही मिळाली, पण ते वाक्य काही डोक्यातून उतरेना. तसं झालं काहीच नव्हतं. दिवे घालवणं हा तिच्या हाताचा गुणच होता, काहींच्या हाताला चव असते तसा. हिला जेवायला बोलावलं की चाचपडत हात धुवावे लागतात, असं मैत्रिणी म्हणत. आणि काम तरी दुसरं काय होतं? कारखान्यांत जाऊन तारांवर, नळ्यांवर, यंत्रांवर सेन्सर बसवायचे, महिनोन्‌महिने आकडे साठवायचे, आणि मग त्या आकड्यांच्या ढिगाऱ्यात बसून शोधायचं, की कुणालाही नको असताना इथे काय चालू आहे. रिकाम्या गोदामात फिरणारा पंखा. बंद पाइपातून रात्रंदिवस फुसफुसणारी हवा. कुणी गार होऊ न दिलेली, पण कुणी वापरतही नसलेली भट्टी. तिच्या धंद्यात याला रिकामा भार म्हणत. तो सापडला की तिला एक शांत आनंद व्हायचा, काटा निघाल्यावर होतो तसा. तेवढा कोळसा जळायचा वाचला, तेवढा धूर कुणाच्या छातीत गेला नाही. असं ती कधी बोलून दाखवत नसे. पण तिचा त्यावर विश्वास होता, आणि दुसऱ्या फारशा कशावर तो नव्हता. तिच्या स्वतःच्या ऑफिसात माणसाच्या हालचालीवर लागणारे दिवे होते, तिनेच बसवून घेतलेले. कुणी विचार करत स्वस्थ बसलं की खोली रिकामी आहे असं समजून ते विझत, आणि मग आपण आहोत हे सिद्ध करायला हात हलवावा लागे. सगळे हसत हात हलवत. बाबा हलवणार नाहीत, तिला वाटलं. दिवा गेला तर ते गेलेल्या दिव्यात बसून राहतील.

ती शाळेत असताना, बहुधा विज्ञान नुकतंच आवडायला लागलं होतं तेव्हा, तिने बाबांच्या चहात थर्मामीटर बुडवला होता. चहा कसा निवतो ते आलेखावर काढायचं होतं. आधी भरभर, मग सावकाश, मग इतका सावकाश की निवतोय असं वाटूच नये. ती उतरती रेघ कागदावर उमटताना पाहून तिच्या अंगावर शहारा आला होता. जग आपल्याला सांगितल्याशिवायही नियम पाळतं! बाबा समोर बसून होते. कप त्यांच्यासमोर होता. मध्ये एकदा त्यांचा हात कपाच्या कानाकडे गेला, पुन्हा खाली आला. "झाला का तुझा प्रयोग?" त्यांनी विचारलं, आणि ती झाला म्हणाल्यावर तो पाणी झालेला चहा एका घोटात पिऊन ते कामावर गेले. आई म्हणाली होती, "अहो, दुसरा करते की." तेव्हाही ते म्हणाले होते, चालेल. पुढे तिने कित्येकदा चहाचा प्रयोग केला, निरनिराळे कप, झाकण ठेवून, झाकण काढून, आणि प्रत्येक चहा बाबांचाच होता. वहीत हवेचं तापमान लिहिलेलं असायचं, कपाची जाडी लिहिलेली असायची. बस एका वळणावर कलली. बाबांना गरम चहा आवडतो की नाही, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

सध्या तिचं काम एका मोठ्या धुलाई कारखान्यात चाललं होतं. सगळे त्याला नुसतं लॉन्ड्री म्हणत. शहरातल्या रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे इथे येत, आणि उकळून, पिळून, वाळून, घडी होऊन परत जात. आत शिरताच ओल्या कापसाचा आणि तापलेल्या लोखंडाचा एकत्र वास यायचा आणि चष्म्यावर वाफ धरायची. तिला ही जागा आवडली होती. इथे सगळ्याच्या मुळाशी वाफ होती. बॉयलरमधून निघून ती भिंतीलगतच्या जाड नळ्यांतून धुलाईला जायची, ड्रायरना जायची, इस्त्रीच्या रोलरला जायची, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी हरवायची. गळक्या नळ्या दुरुस्त झाल्या होत्या, नळ्यांवर जाड आवरणं चढली होती, बॉयलरची धग पूर्वीपेक्षा बरीच कमी लागत होती. एक किलो कापडाला किती वाफ लागायला हवी, याचं तिने बसवलेलं गणित आता इतकं बरोबर येत होतं, की खरी वाफ आणि गणितातली वाफ यांच्या रेघा पडद्यावर एकमेकींवर बसत. एकच जागा सोडून. रोज मध्यान्हीच्या अलीकडे चार नंबरच्या ड्रायरवर खऱ्या वाफेची रेघ वर उडी मारायची, आणि वजनकाटा सांगायचा की ड्रममध्ये जेमतेम पाच-सहा चादरी आहेत. त्याही आधीच वाळलेल्या.

व्यवस्थापकांना ती उडी तिच्याआधी डाचत होती. ते स्वभावाने वाईट नव्हते; येता-जाता प्रत्येक यंत्राच्या अंगाला हात लावून बघायची त्यांना सवय होती, म्हणून घड्या घालणाऱ्या बायका त्यांना थर्मामीटर म्हणत. "बाकी सगळ्या विषयांत पास झालो आपण," ते तिला म्हणाले होते, "त्या चार नंबरमुळे मार्क जातात. तुमच्या सिस्टीमलाच सांगा ना. ठरावीक वजनाखाली यंत्र सुरूच होऊ द्यायचं नाही. आज नियम टाका, उद्यापासून चालू." एका ओळीचा नियम होता तो. तिने लिहून ठेवला होता. फक्त चालू करायचा बाकी होता.

न टाकण्याचं कारण म्हणजे तिने एकदा ती उडी चालू असतानाच खाली जाऊन पाहिलं होतं. ती आत शिरताच घड्यांच्या टेबलाभोवती एकदम गडबड उडाली होती, आणि दोन बायकांनी घडी घातलेली चादर झटकन उलगडून पुन्हा घडी घालायला घेतली होती. अशी घातलेलीच घडी मोडून घालायची इथे रीत होती. बाहेरचं कुणी बघायला आलं, की यंत्र चालू असलं तरी हात रिकामे दिसू नयेत. पण कोपऱ्यातली वयस्क बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, तिला पटकन उठता आलं नव्हतं. तिच्या उजव्या खांद्यावर ड्रममधून काढलेली गरम चादर चौघडी करून ठेवलेली होती, आणि डोळे मिटलेले होते. त्या खांद्याने मावशीने किती चादरी झटकल्या असतील, याचा हिशेब करायचा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. रिकामा भार नव्हता तो. भाराला खांदा होता. मग गेले काही दिवस ती एका कपाटाच्या मागे लागली होती. इस्त्रीच्या रोलरची गरम हवा धुराड्यातून नुसती वाया जात होती. ती एका लोखंडी कपाटातून वळवून नेली, की आत ठेवलेल्या चादरी दिवसभर गरम राहतील, आणि वाफ अजिबात लागणार नाही. सुंदर कल्पना होती. नकाशा तिने स्वतः काढला होता. आज नियम टाकायच्या आधी तो नकाशा बायकांना दाखवायला ती खाली गेली.

या वेळी कुणी घडी मोडली नाही. इतक्या दिवसांत बायकांना तिची सवय झाली होती. चार नंबर फिरत होता. बायका उलट्या टोपल्यांवर बसल्या होत्या, पाय लांब करून. सगळ्यांच्या वाटणीचं एकटीच बोलणारी एक होती, तिला रेडिओ म्हणत. तिने नकाशा हातात घेऊन सरळ धरला, आडवा धरला. "हे काय, थडगं आहे?"

"कपाट आहे. गरम राहील कायम. मावशींना केव्हाही चादर काढून घेता येईल."

"छान आहे," मावशी घाईघाईने म्हणाली. "चालेल."

"मावशी, तू गप," रेडिओ म्हणाली. "बाई, मला सांगा. हे कपाट चालू असताना आम्ही काय करायचं?"

"काय म्हणजे? तुमचं काम."

"तेच म्हणते मी! कपाट चालू, तर घड्या घाला. आणि हा चार नंबर फिरत असताना?" तिने ड्रमकडे हनुवटी केली. "हा फिरत असताना आम्ही वाट बघतोय. यंत्राची वाट बघणं कामात धरतात इथे. यंत्र बंद आणि बाई बसलेली, तर ती कामचुकार. यंत्र चालू आणि बाई बसलेली, तर ती बिचारी काय करणार!" बायका हसल्या. "म्हणून तो फिरतो. चादरी गरम निघतात ते वर. त्याचं सुख मावशीला."

ती नकाशा हातात घेऊन उभी राहिली. ड्रमच्या काचेमागे चादरी उचलल्या जात होत्या, पडत होत्या, उचलल्या जात होत्या. आपण उष्णता मोजत होतो, म्हणून आपल्याला उष्णता सापडली, तिला वाटलं. बसायला किती वाफ लागते, हे मोजणारं काही तिने बसवलं नव्हतं. तिला अपमान वाटला नाही. उलट एखाद्या आलेखाचा अक्ष चुकीचा धरला होता हे कळल्यावर डोकं जसं थंड होतं, तसं झालं. "आणि साहेबांना सरळ विचारलं, दहा मिनिटं बसायला द्या म्हणून?" तिने विचारलं.

"नको गं बाई," मावशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "वाईट नाही तो. पण विचारलं की त्याला वर विचारावं लागेल, आणि वरचे नाही म्हणतील. मग तो रोज येऊन बघेल आम्ही बसतोय का ते. न विचारलेलं बरं असतं पुष्कळदा."

"आमच्या मावशीचं लग्न असंच टिकलं," रेडिओ म्हणाली.

वर येऊन ती आपल्या टेबलाशी बसली. एका ओळीचा नियम पडद्यावर होता. तो टाकला तर उद्या चार नंबर सुरूच होणार नाही, आणि इथल्या बायकांच्या दिवसातली ती बसायची जागा, जिला कुठे नाव नव्हतं, ती निघून जाईल. नाही टाकला, तर ती उडी रोज वर जात राहील, आणि बॉयलर तेवढा रोज पेटेल. तेही तिला खोटं वाटू शकत नव्हतं, कारण ते खोटं नव्हतं. ती उडी गणितातून गुपचूप वगळता आली असती. तिच्या धंद्यात असं करणारे होते. तिने तसं कधी केलं नव्हतं आणि आताही हात वळेना. मग तिने त्या उडीचेच दोन भाग वेगळे करून पाहिले. वाफ होती ती बहुतेक सगळी; ड्रम फिरवणारी मोटर नावापुरती खात होती. बसायला ड्रम फिरायला हवा, वाफ नको. आणि ऊब? दुपारच्या आधीचा जड घाणा, टॉवेल-झग्यांनी गच्च भरलेला ड्रम, निघतो तेव्हा ड्रमचं लोखंड चांगलं तापलेलं असतं. एरवी पंखा लावून ते गार करतात आणि ती सगळी धग बाहेर टाकून देतात. पंखा बंद ठेवला, वाफ बंद ठेवली, आणि त्या तापलेल्या पोटात पाच-सहा कोरड्या चादरी टाकल्या, तर लोखंडाची ऊब चादरींना येईल. काही काळ. मग उतरत जाईल, आधी भरभर, मग सावकाश. म्हणजे ड्रम जितका जास्त फिरेल तितकं बसणं जास्त, आणि चादर तितकी गार. त्या रेघेवर कुठे थांबायचं, एवढाच प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर रेघेत नव्हतं.

व्यवस्थापकांनी तिचा कागद उभ्या उभ्याच वाचला. "वाफ शून्य. उत्तम. पण मग यंत्र फिरवायचंच कशाला?"

"वाट बघायला," ती म्हणाली.

"कशाची?"

खालून रोलरची घरघर येत होती. व्यवस्थापकांनी कागदावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून खाली, घड्यांच्या टेबलाकडे, आणि नजर तिथे बराच वेळ राहिली. त्यांचा हात सवयीने खिडकीच्या काचेला लागला, तापमान बघावं तसा. "तुम्ही मला काही विचारत नाही आहात ना?" ते म्हणाले.

"नाही. नियम काय टाकतेय ते सांगतेय."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "सांगितलेलं मी ऐकतो. विचारलेलं वर पाठवावं लागतं." आणि कागद परत देताना, जरा थांबून, "घाण्यानंतर कापड नीट निवू द्या हं. गरम चादरींची चळत लावली की आग लागते. निवण्याचा वेळ यंत्राच्याच वेळात धरतात, नियमच आहे तो."

दुसऱ्या दिवशी जड घाणा निघाल्याबरोबर तिने स्वतः वाफेची चावी बंद करून पाहिली, पंखा बंद केला, आणि रेडिओने पाच चादरी आत भिरकावल्या. ड्रम फिरायला लागला. वाफेचा फुसकारा नसल्यामुळे त्याचा आवाज वेगळाच येत होता, पोकळ, गोल. बायका नेहमीच्या टोपल्यांवर बसल्या, पण नेहमीसारख्या नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी बसतात तशा. मावशी तिच्या शेजारी ड्रमपाशी उभी होती. "ऊब आधी चढेल, मग उतरेल," तिने मावशीला समजावलं. "दार उघडलं की ड्रम थांबणार. कधी उघडायचं ते तुम्ही सांगायचं, तेवढा वेळ मी नियमात घालते." मावशीने काचेवर तळहात ठेवला. तो हात सुरकुतलेला आणि फार स्वच्छ होता, सतत धुतलेल्या कापडात वावरणाऱ्यांचे असतात तसा. तिने सेन्सरच्या आकड्याकडे पाहिलं. चढत होता. चढायचा थांबला. "आता?" तिने विचारलं.

मावशीने मागे वळून पाहिलं. एकीने चपला काढून तळपाय चोळायला घेतले होते. दुसरीने भिंतीला डोकं टेकलं होतं. "फिरू दे," मावशी म्हणाली.

आकडा उतरायला लागला. भरभर. तिला ती रेघ न काढताही दिसत होती. "आता, मावशी?"

"फिरू दे गं. बसल्यात बिचाऱ्या. गार निघाली तरी चालेल मला."

चालेल. हा शब्द तिने जन्मभर ऐकला होता आणि दर वेळी उत्तर म्हणून लिहून घेतला होता. तिने आकड्यावरची नजर काढली. मावशीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढलेला होता, दुखऱ्या खांद्याला माणूस नकळत उचलून धरतं तसा. इतके दिवस समोर असून तो तिने आत्ता पाहिला. "मावशी," ती म्हणाली, "मी त्यांचं नाही विचारत. तुमचं विचारतेय. तुम्हाला केवढी गरम हवी?"

मावशी गोंधळली. तिने रेडिओकडे पाहिलं, पण रेडिओ नेमकी या वेळी गप्प होती. ड्रम दोन-तीनदा फिरला असेल. मग मावशीने काचेवरचा हात न काढताच, अगदी हळू, चोरून काही मागावं तसं म्हटलं, "आता. आत्ता उघड."

तिने दार उघडलं. ड्रम डुलत डुलत थांबला आणि खोली एकदम शांत झाली. भिंतीला टेकलेलं डोकं उचललं गेलं, चपला शोधल्या जाऊ लागल्या. "झालं?" कुणीतरी म्हणालं. "एवढंच?"

"बसा," ती म्हणाली. "चादरी निवायच्यात. निवेपर्यंत यंत्राचाच वेळ आहे."

रेडिओने एक चादर ओढून काढली, सपासप चौघडी केली आणि मावशीला टोपलीवर बसवून तिच्या खांद्यावर ठेवली. "पूर्वीइतकी नाही," मावशी प्रामाणिकपणे म्हणाली, आणि डोळे मिटले. "पण लागतेय."

नियमाच्या कागदावर शेवटच्या रकान्यात फेरा कधी संपला असं धरायचं, ते लिहायचं होतं. तिने पेन काढलं. सेन्सर ड्रममध्ये होता, चादर बाहेर होती. रेडिओने पायाने एक टोपली उलटी करून तिच्याकडे सरकवली, तशी ती मावशीच्या शेजारी बसली.

"झाली का गार?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"थांब," मावशी म्हणाली, डोळे न उघडता. "सांगते."